लस नको म्हणणाऱ्याशी बोलायचं कसं?

शनिवारी सौसरजवळच्या जामसांवलीला गेलात, तर निजलेल्या मारुतीसमोर दोन तऱ्हेची माणसं दिसतात. काही जण नारळ फोडून, आरती घेऊन परतीची गाडी पकडतात. काही मुक्कामी असतात. घरातलं कोणी महिनोन्‌महिने झोपत नाही, कोणी अंगात आल्यासारखं करतं, म्हणून त्याला घेऊन आलेली ही माणसं. मूर्तीच्या नाभीतून झिरपणारं पाणी तीर्थ म्हणून घ्यायचं आणि उतार पडेपर्यंत देवाजवळ राहायचं, अशी श्रद्धा. यांच्याशी थोडं बसून बोललं की पिशवीतून नागपूरच्या डॉक्टरांची चिठ्ठी निघते, गोळ्यांची पाकिटं निघतात. दवाखाना सोडून देवाकडे आलेले थोडे. देवही चालू आणि दवाखानाही चालू, असेच पुष्कळ.

हे आधी सांगायचं कारण असं, की कोरोनाच्या दिवसांत लस नाकारणाऱ्यांबद्दल जे बोललं गेलं, त्यात ‘अडाणी, अंधश्रद्ध माणसं’ हाच सूर जास्त होता. माझ्या मते किमान आपल्या सौसर-पांढुर्ण्यात तरी हे निदान चुकलेलं होतं. देवावर भरवसा असलेल्या माणसाचा डॉक्टरवर भरवसा नसतो, असं काही नाही. बहुतेकांनी ‘नाही’ म्हटलंच नव्हतं. त्यांनी ‘पाहू’ म्हटलं होतं. ‘पाहू’ म्हणणाऱ्या माणसाला ‘विरोधक’ ठरवून त्याच्या अंगावर धावून गेलं, की मग तो खरोखर ‘नाही’ म्हणतो.

पुढची साथ कधी येईल, कसली असेल, ते कोणी सांगू शकत नाही. पण आली तर दारोदार जाऊन बोलणारी माणसं हीच असतील: आशाताई, अंगणवाडीच्या बाई, गुरुजी, सरपंच, आणि नागपुरात नोकरीला असलेले, गावी आई-वडिलांना फोन करणारे मुलगे-मुली. हा लेख त्यांच्यासाठी.

२०२१ ची उजळणी

देशात लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झालं, आधी आरोग्य कर्मचाऱ्यांचं. १ मार्चपासून साठीपुढचे, १ एप्रिलपासून पंचेचाळिशीपुढचे सगळे आणि १ मेपासून अठरा वर्षांवरचे. आता या तारखा दुसऱ्या लाटेवर ठेवून पाहा. ज्या एप्रिल-मेमध्ये गावातल्या मोठ्या माणसांना पहिली सुई मिळाली, त्याच एप्रिल-मेमध्ये नागपुरात खाटा मिळत नव्हत्या. मध्यप्रदेशाने २० मार्चपासून महाराष्ट्राकडची बससेवा बंद केली होती. आपल्याकडे सासर-माहेर, बाजार, मोठा दवाखाना सगळं नागपूर, सावनेर, वरूडकडे. माणसं अडकली, बातम्या मात्र फोनवरून येत राहिल्या, आणि त्या मरणाच्याच होत्या. कोणी सोमवारी लस घेतली, शुक्रवारी ताप भरला, पुढच्या आठवड्यात गेला. गावानं दोन आणि दोन चार केले.

त्यात सरकारनं कोविशील्डच्या दोन डोसांमधलं अंतर आधी चार आठवडे, मार्चमध्ये सहा ते आठ आणि १३ मे रोजी बारा ते सोळा आठवडे केलं. त्यामागे परदेशातल्या अभ्यासांचा आधार होता, अंतर वाढवलं की लस जास्त चांगली लागते. पण त्याच वेळी केंद्रांवर लस संपल्याच्या पाट्या लागत होत्या. लोकांनी जो अर्थ काढायचा तो काढला. अठरा वर्षांवरच्यांना नाव नोंदवायचं ते मोबाइलवर, आणि शहरातली चलाख पोरं खेड्यातल्या केंद्रांवरच्या जागा धरून गाड्यांनी येऊ लागली. गावातल्या माणसानं आपल्याच दवाखान्यासमोर परक्या गाड्यांची रांग पाहिली आणि तो वावरात निघून गेला. त्यालाही आपण ‘लसीला घाबरणारा’ म्हणून मोजलं.

मे महिन्याच्या अखेरीस उज्जैन जिल्ह्यातल्या मालीखेडीत समजवायला गेलेल्या पथकावर लोक चालून गेले. उत्तर प्रदेशात बाराबंकीजवळ लसवाल्यांची गाडी पाहून काही जणांनी शरयू नदीत उड्या टाकल्या. गावात एकदम गाड्या येतात, साहेब उतरतात, सोबत पोलीस असतात. खेड्यानं अशा गाड्या आधी कशासाठी पाहिलेल्या असतात, याचा विचार कोणी केला नव्हता.

याच्या उलट आपल्या शेजारच्या बैतूल जिल्ह्यात डुलारिया नावाच्या आदिवासी गावात घडलं. तिथेही अफवांमुळे माणसं मागे सरली होती. पंतप्रधानांनी तिथल्या दोघांशी फोनवर गप्पा मारल्या आणि २७ जून २०२१ च्या ‘मन की बात’मध्ये त्या सगळ्या देशानं ऐकल्या. त्यांनी आधी विचारलं, गावात लोक काय बोलतात? ऐकून घेतलं. मग सांगितलं, मी दोन्ही डोस घेतलेत आणि शंभरीकडे झुकलेल्या माझ्या आईनंही घेतलेत. राजकारण बाजूला ठेवून या बोलण्याची घडण पाहा. पंतप्रधानांचा फोन प्रत्येक गावाला येणार नाही, पण ‘माझ्या आईनं घेतली’ हे सांगायला पंतप्रधान असावं लागत नाही. त्याच आठवड्यात, २१ जूनला, मध्यप्रदेशात एका दिवसात सोळा लाखांहून जास्त डोस टोचले गेले. म्हणजे नकार काही दगडावरची रेघ नव्हता.

आधी भीती कोणती ते कळू द्या

‘लस घ्या, लस सुरक्षित आहे’ हे वाक्य विसरून जा. ते भिंतीवर रंगवायला ठीक. समोरच्या माणसाला विचारा, ‘काहून नाही म्हणता?’ आणि गप्प बसा. पहिलं कारण बहुधा खरं नसतं. ते तुम्हाला वाटेला लावण्यासाठी दिलेलं असतं. चहा झाला की दुसरं निघतं.

“मले कायले पाह्यजे सुई? मी त आता पिकलं पान.”

“पान पिकलं असन आबाजी, पण गळून पडन तवा नागपूरले नेणारं कोन? पोराले वावर सोडून दवाखान्यात बसा लागन. सून घरी एकटी. अन् खाटेचे पैसे?”

“मंग ताप आला त?”

ही खरी भीती. आता बोलणं सुरू झालं.

तापाबद्दल खरं सांगा आणि आधी सांगा. दंड दुखेल, अंग मोडून येईल, ताप येईल, एक-दोन दिवसांत उतरेल. डॉक्टरांनी सांगितलेली पॅरासिटामॉलची गोळी हातात देऊन ठेवा. कोरोनाच्या वेळी ‘काहीच होत नाही’ असं सांगून टोचलं आणि रात्री ताप भरला, म्हणजे फसवलं, असं कितीतरी घरांत झालं. एका घराचा ताप गल्लीभर पसरतो. आणि तापाला मजुरी जोडलेली असते, हे विसरू नका. संत्र्याची तोडणी चालू असताना दोन दिवस अंथरुणावर पडणं म्हणजे दोन दिवसांचा रोज बुडणं आणि मुकादमाची बोलणी. अशा घरांना लसीसाठी असा दिवस द्या की ज्याच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल. घरातल्या कमावत्या दोघांना एकाच दिवशी टोचू नका. इतकं केलं तरी निम्मी कुरकुर थांबते.

‘टोचून घेतलं अन् मेला’ या भीतीला आकडेवारीनं उत्तर देऊ नका. आधी त्या मेलेल्या माणसाबद्दल विचारा. कधी टोचलं, ताप कधी आला, घरात आणखी कोणाला होता? बऱ्याचदा उलगडतं की घरात दोघं आधीच खोकत होते. कोरोना अंगात शिरल्यावर ताप यायला चार-पाच दिवस लागतात आणि लसीचा असर उभा राहायला दोन-तीन आठवडे. ऐन लाटेत रांगेत उभा राहिलेला माणूस कधीकधी आजार घेऊनच रांगेत उभा होता. हे शांतपणे, तारखा मांडून सांगितलं तर लोकांना कळतं; शेतकऱ्याला पेरणी आणि उगवणीतलं अंतर समजावून द्यावं लागत नाही. मात्र ‘लसीनं कोणी मरतच नाही’ असं ठासून सांगू नका. कोविशील्डसारख्या लसीनंतर फार क्वचित रक्तात गाठी होण्याचा त्रास झालेला आहे, आणि २०२४ मध्ये मूळ लसीच्या कंपनीनंच ब्रिटनच्या न्यायालयात तसं मान्य केल्याची बातमी आपल्याकडेही घरोघर पोचली. तेव्हा खरं ते सांगा: लाखांत एखाद्याला, बहुधा टोचल्यापासून महिनाभराच्या आत. न थांबणारी डोकेदुखी, धाप, छातीत दुखणं, पायाला सूज, अंगावर लाल-काळे ठिपके, यातलं काही दिसलं तर घरी बसू नये, लगेच मोठ्या दवाखान्यात जावं. ज्याला धोका सांगितला आणि काय करायचं तेही सांगितलं, तो माणूस जास्त निर्धास्तपणे बाही वर करतो.

नसबंदीची भीती जुनी आहे. आणीबाणीत, १९७६ च्या आसपास, सक्तीच्या शस्त्रक्रियांची जी शिबिरं झाली, त्यांच्या आठवणी म्हाताऱ्यांच्या मनात ताज्या आहेत. नातवंडांना त्या गोष्टी म्हणून पोचल्या आहेत. सरकारची सुई आणि ‘वंश बुडतो’ ही जोडी कोणा मूर्खाच्या डोक्यातून निघालेली नाही. त्यावर हसू नका. ‘तेव्हा झालं ते वाईटच झालं’ असं म्हणा, आणि मग गावातल्याच एखाद्या बाईला बोलवा, जिनं लस घेतली आणि नंतर बाळंत झाली. जुलै २०२१ पासून गरोदर बायकांनाही कोरोनाची लस दिली गेली. त्यांची पोरं आता अंगणवाडीत खेळत आहेत. ती बाई आणि ते पोर दारात उभी असताना तुमचं भाषण कोणाला लागत नाही.

आता एक नवी आणि जास्त अवघड भीती. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासिया भागात ‘कोल्ड्रिफ’ नावाचं खोकल्याचं औषध पिऊन लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली. वीसहून जास्त मुलं गेली. बैतूल आणि पांढुर्ण्याकडचीही होती. कितीतरी जण शेवटचे दिवस नागपूरच्या दवाखान्यांत होते. औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं, थोडंथोडकं नव्हे, ४८.६ टक्के. यानंतर एखादी आई म्हणाली, ‘औषधानं लेकरं मेली, मी माह्या लेकराले सुई कायले लावू?’ तर तिला काय सांगाल?

‘सिरप वेगळं, लस वेगळी’ असं म्हणून उठू नका. आधी म्हणा, तुझं बरोबर आहे. औषधावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, हे त्या लेकरांनी आपल्याला शिकवलं. मग फरक सांगा, कारण फरक खरंच आहे. दुकानातल्या खोकल्याच्या औषधाची प्रत्येक खेप बाजारात जाण्याआधी सरकारी प्रयोगशाळेत तपासली जात नाही. लसीचं तसं नाही. इथं बनलेल्या लसीची प्रत्येक खेप कसौलीच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेतून हिरवा कंदील मिळाल्याशिवाय बाहेर पडत नाही. टोचलेल्या लसीचा बॅच नंबर नोंदवला जातो. काही झालं तर ती बाटली कुठून आली ते शोधता येतं. आणि जाताजाता हेही सांगा, की दोन वर्षांच्या आतल्या लेकराला सर्दी-खोकल्याचं औषध देऊ नये, असंच आता सरकारही सांगतं. तिच्या शंकेचा तिला काहीतरी उपयोग झाला, असं तिला वाटलं पाहिजे.

व्हॉट्सॲपवरच्या अफवांवर फार वेळ घालवू नका. जून २०२१ मध्ये नाशिकच्या एका गृहस्थाच्या अंगाला लस घेतल्यावर चमचे, नाणी चिकटू लागल्याचा व्हिडिओ महाराष्ट्रभर फिरला. घामट, तेलकट कातडीला गुळगुळीत वस्तू चिकटतात, लस घेतलेली असो वा नसो. अंगाला टाल्कम पावडर लावा, चमचा खाली पडतो. अशी गोष्ट चौकात करून दाखवली तर पोरं हसतात आणि अफवा संपते. तेवढंच तिचं आयुष्य. तिच्यावर व्याख्यान देऊन तुम्ही तिचं वय वाढवता.

बाटली दाखवा

बोलण्याइतकंच दाखवण्यानं काम होतं, आणि दाखवण्यासारखं टेबलावर पुष्कळ असतं.

पोलिओच्या बाटलीवर एक छोटं वर्तुळ असतं, त्याच्या आत एक चौकोन. बाटली उष्णतेत राहिली की चौकोन हळूहळू गडद होतो. तो बाहेरच्या वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला, तर ती बाटली फेकायची. आतला चौकोन फिका आहे तोवर लस चालते. नर्सबाईंना सांगा, बाटली आईच्या हातात द्या, तिला चौकोन पाहू द्या. वाचता न येणाऱ्या बाईलाही रंग कळतो. लस २ ते ८ अंश तापमानात राहावी लागते, वीज गेली तरी शीतपेटी थंड असते, हे तिला तिथेच कळतं.

सिरिंजचंही तसंच. लसीची सिरिंज एकदाच वापरता येते. दट्ट्या एकदा खाली ढकलला की आत अडकतो, पुन्हा मागे ओढता येत नाही. ‘एकच सुई सगळ्यायले लावते’ असं म्हणणाऱ्या माणसासमोर पाकीट फाडा, टोचून झाल्यावर तीच सिरिंज त्याच्या हातात द्या आणि म्हणा, ओढून पाहा. (सुई आधी कापून, नीट.) दट्ट्या हलत नाही, हे हाताला कळलेलं दहा पोस्टरांपेक्षा जास्त टिकतं.

या टेबलाचा एक तोटाही आहे आणि तो कोणी सांगत नाही. कोरोनाच्या वेळी कोविशील्डच्या एका बाटलीत दहा डोस असत, आणि बाटली उघडली की चार तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. वाया घालवलं तर वरून विचारणा. म्हणून नर्सबाई म्हणायच्या, दहा जण जमू द्या. सहा जण जमले, तासभर बसले, सातवा आला नाही, सगळे उठून गेले. त्यातली एक म्हातारी मोठ्या मुश्किलीनं राजी झालेली होती. तिला पुन्हा आणणं पहिल्यापेक्षा तिप्पट अवघड. यावरचा उपाय केंद्रावर नाही, गावात आहे. आदल्या संध्याकाळी बारा-तेरा नावांची यादी करा, माणसं एकाच वेळेला बोलवा, आणि ट्रॅक्टर असो की ऑटो, त्यांना एकत्र आणा. जो सर्वांत घाबरलेला आहे त्याला मध्ये घ्या. पहिलाही नको, शेवटचाही नको.

टोचल्यावर अर्धा तास बसवतात, तो वेळ फुकट घालवू नका. तिथेच उद्याच्या तापाबद्दल सांगा आणि कोणाला फोन करायचा तो नंबर त्यांच्या फोनमध्ये नोंदवून द्या. दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करा. एवढा एक फोन बरेच जण करत नाहीत.

कोणी बोलावं

पद मोठं म्हणून त्या माणसाचं ऐकतात, हा साहेबांचा समज. लोक ऐकतात ते ज्याला आधी काहीतरी विचारून पाहिलेलं असतं त्याचं: खताचा दुकानदार, बायकांच्या बचतगटातली हिशेब ठेवणारी बाई, गुराढोरांना इंजेक्शन देणारा डॉक्टर. या शेवटच्या माणसाला आपण फार कमी वापरतो. ज्या माणसानं स्वतःच्या बैलाला दरवर्षी घटसर्पाची लस टोचून घेतलेली आहे, त्याच्याशी लसीबद्दल पहिल्यापासून बोलायची गरज नाही. सातपुड्यातल्या गोंड-कोरकू पाड्यांवर आधी भगताला, भूमकाला भेटा. त्याला वगळून गेलात तर तो विरोधात जाईल असं नाही, पण गाव त्याच्याकडे पाहतं आणि तो दुसरीकडे पाहतो, तेवढं पुरतं. त्याचा मंत्र आणि तुमची सुई यांची स्पर्धा लावू नका.

जामसांवलीतही तेच. मंदिरात येणाऱ्यांना ‘देवावर सोडू नका’ असं सांगणारी पाटी लावू नये. मंगळवार-शनिवारच्या गर्दीत आरतीनंतर पुजाऱ्यांनी दोन वाक्यं सांगितली आणि आवाराबाहेर कुठे टोचून मिळेल ते दाखवलं, तर ते चालतं. देवाच्या दारी आलेला माणूस बरं व्हायलाच आलेला असतो.

भाषेचं भान ठेवा. आपल्याकडे कागद हिंदीत येतो, घर मराठीत बोलतं, आणि मराठी म्हणजे पुण्याची नव्हे. कोटवारानं दिलेली दवंडी आणि नर्सबाईंनी घरच्या बोलीत सांगितलेलं, यांची सर छापील पत्रकाला येत नाही.

आणि धाक नको. राशन बंद, पेन्शन बंद, अशा धमक्या २०२१ च्या अखेरीस ठिकठिकाणी दिल्या गेल्या. खंडव्यात तर त्या नोव्हेंबरमध्ये दोन डोस घेतलेल्यांनाच दारू मिळेल असा हुकूम निघाला. पुरावा म्हणून पिणाऱ्याचा शब्द पुरे होता. हुकूम काढणाऱ्यांचा माणुसकीवरचा विश्वास वाखाणण्यासारखा म्हणायचा. धाकानं त्या महिन्याचा आकडा फुगतो. पण राशन बंद होईल म्हणून टोचून घेतलेली बाई पुढच्या वेळी नातवाला घेऊन अंगणवाडीत येत नाही.

चूक झाली तर

एखादी बाटली खराब निघू शकते, एखाद्याला खरंच त्रास होऊ शकतो. अशा वेळी काय करायचं, ते आपल्याच इतिहासात आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी तिथे लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. तिसऱ्या आगाखानांनी लोकांसमोर टोचून घेतली, तेव्हा त्यांचे अनुयायी पुढे आले. याच साथीनं १० मार्च १८९७ ला पुण्यात सावित्रीबाई फुल्यांना नेलं, रोग्याची सेवा करताना. पुढे १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एका बाटलीतून टोचलेली १९ माणसं धनुर्वातानं मेली. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला, त्यांना काम सोडावं लागलं. बाटली गावात उघडताना अशुद्ध झाली होती, हे मान्य व्हायला १९०७ उजाडलं. पाच वर्षं! तोवर लोकांचा प्लेगच्या लसीवरचा विश्वास खचला होता.

म्हणून कोणाला त्रास झाला तर त्या घरी त्याच दिवशी जा. सरपंच, आशाताई आणि डॉक्टर तिघंही. अजून कारण कळलं नसेल तर ‘तपासतो आहोत, कळलं की सांगू’ इतकंच म्हणा. ‘लसीचा संबंध नाही’ असं पहिल्याच दिवशी जाहीर करू नका, तुम्हाला ते अजून ठाऊक नाही. रुग्णाला नागपूरला न्यायची गाडी मिळाली का, ते बघा. गावाला लस आठवत नाही, गाडी आठवते.

साथ नसताना

भरवसा साथीत तयार होत नाही, साथीत तो खर्च होतो. तो जमा होतो अंगणवाडीच्या एरवीच्या लसीच्या दिवशी, जो मध्यप्रदेशात बहुतेक ठिकाणी मंगळवार किंवा शुक्रवार असतो. जन्मल्यावर बीसीजी, दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या सुया, नऊ महिन्यांनंतर गोवर-रुबेलाची पहिली, दीड वर्षाच्या सुमारास दुसरी. ही दुसरी बऱ्याच घरांत राहून जाते, कारण तोवर पोर धावायला लागलेलं असतं आणि आई कामावर असते. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीला गोवर पसरला तेव्हा लहान मुलं दगावली, आणि ती बहुतेक लस न घेतलेली किंवा अर्धवट घेतलेली होती. गोवर थोपवायचा तर शंभरातल्या पंचाण्णव मुलांना दोन्ही डोस मिळावे लागतात. एका वस्तीतली सहा-सात घरं सुटली तरी भगदाड पडतं.

ही घरं बहुधा भीतीनं सुटत नाहीत, फिरतीमुळे सुटतात. तोडणीला, वीटभट्टीला, नागपूरच्या बांधकामावर गेलेली. त्यांची वेगळी वही करा: कोण कुठे गेलंय, कोणाच्या नंबरवर फोन लागतो, पोळ्याला येणार की दिवाळीला. आईला सांगा, कार्ड बरोबर ने आणि त्याचा फोटो फोनमध्ये काढून ठेव. मध्यप्रदेशातलं कार्ड घेऊन महाराष्ट्रातल्या सरकारी दवाखान्यात गेलं तरी पुढची लस मिळते आणि पैसे लागत नाहीत. कार्ड हरवलं म्हणून कोणी हाकलून दिलं, तर तिनं तिथूनच तुम्हाला फोन करावा, आणि तुमच्या वहीतल्या तारखा तुम्ही समोरच्या सिस्टरला वाचून दाखवाव्यात.